शेवटचा फर्मा

पुस्तक मिटण्यात त्यांचा हात धरणारा माणूस आमच्या राळेगावातच काय, साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात नव्हता. वाचायला कुणीही शिकतं, पण वाचता वाचता नेमकं कुठं थांबायचं ते फक्त त्यांनाच कळायचं. नायिकेचा हात कडीला लागलेला आहे, दाराबाहेर कोण उभं आहे हे कळायला अर्ध्या ओळीचाच अवकाश आहे, आणि तेवढ्यात फट्‌ असा आवाज यायचा. "पुढचं पुस्तकात हाये!" असं म्हणून ते पुस्तक छातीशी धरायचे आणि चेहरा असा करायचे, की जणू आता त्यांच्याही हातात काही उरलेलं नाही. या एका वाक्यावरून लोकांनी त्यांना 'पुढचंवाले' हे नाव दिलं. खरं नाव नागपूरच्या त्यांच्या प्रकाशकाच्या दप्तरी असेल. आम्हाला त्याची गरज कधी पडली नाही.

ते त्या प्रकाशकाचे जिल्ह्याचे एजंट होते. पत्र्याची ट्रंक एस.टी.च्या टपावर आणि स्वतः खाली, असे ते वणीपासून दारव्ह्यापर्यंत हिंडत. अंगात कायम काळा कोट. यवतमाळचा मे महिना ज्यांनी भोगला आहे त्यांना यातला पराक्रम वेगळा सांगायला नको. एकदा आईनं न राहवून विचारलं, "भाऊ, या उन्हात कोट कायले घालता?" ते म्हणाले, "वहिनी, कोटवाला मानूस दारात दिसला का लोकं म्हनतात, बसा. बिनकोटाचा दिसला का म्हनतात, काय पाहिजे? मी पुस्तकं बसून इकतो. उभ्यानं पुस्तक इकत नाई." आईनं त्यांना बसायला पाट दिला होताच, तेव्हा तिला वाद घालता आला नाही.

आमचं घर जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, भिंतीला लागून. वडील जिनात काट्यावर होते, म्हणजे आलेल्या कापसाचं वजन बघायचे. दिवाळी झाली की जिनाच्या फाटकापासून पार नाल्यापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. गाडीवाला एकदा रांगेत शिरला की अडकला. गाडी सोडून जावं तर नंबर जातो, आणि बैलाशी किती वेळ बोलणार? ज्याला उठून जाता येत नाही असा श्रोता मोठमोठ्या साहित्यसंस्थांना मिळाला नाही, तो पुढचंवाल्यांना आमच्या जिनासमोर मिळाला. ते रांगेच्या शेपटाकडून वाचायला सुरुवात करत आणि गाड्यांबरोबर पुढे सरकत. गाडी काट्याला लागायची वेळ आणि गोष्ट गाठीला यायची वेळ बरोबर एक. गाडीवाला कापूस घालून बाहेर पडला की गाडी रिकामी असायची, खिसा रिकामा नसायचा, आणि फाटकाशी काळा कोट ट्रंकेवर बसलेला असायचा.

"मले वाचता येत नाई ना, भाऊ," कुणी म्हणे. "तुले कोन वाच म्हनते? घरी सून चवथी पास हाये ना तुह्या? तिच्या हातात दे. सकायी सासू स्वताच म्हनन, पोरी, भाकर मी थापतो, तू पुढचं वाच." आणि तसं होतही असे. आमच्या तालुक्यात कितीतरी सुनांच्या हातात पुस्तक सासूनं आपणहून दिलं, ते या माणसामुळे. साक्षरतेवर भाषणं पुढे पुष्कळ झाली. त्यांत ही युक्ती कुणी सांगितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

त्यांचा दुसरा उद्योग समारंभांचा. जिल्ह्यात कुठेही व्याख्यान असो, सत्कार असो, प्रकाशन असो, मांडवाच्या बांबूपासून पाहुण्यांच्या बिनसाखरेच्या चहापर्यंत सगळं पुढचंवाल्यांकडे. त्यांचं खरं कौशल्य निमंत्रणपत्रिकेत दिसे. अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, उद्घाटक हे तर झालेच. त्याखाली प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, सन्माननीय उपस्थिती, आणि ज्यांचं काय करावं हे कळेना त्यांच्यासाठी नुसतीच उपस्थिती. "ज्याचं नाव छापलं तो येतेच," ते सांगत, "अन् आपलं नाव दाखवाले घरची चार मानसं घेऊन येते. आभारात पन घ्या नाव, म्हंजे शेवटपर्यंत उठत नाई." हे तत्त्व इतकं पक्कं होतं, की एकदा यवतमाळला एका कवीच्या कार्यक्रमात व्यासपीठावरची माणसं खालच्यांपेक्षा जास्त भरली. पुढचंवाले डगमगले नाहीत. त्यांनी कवीला श्रोत्यांकडे पाठ करून कविता वाचायला सांगितलं.

एवढ्या लोकांचे समारंभ केले, पण त्यांचं स्वतःचं एकच स्वप्न होतं. राळेगावात साहित्य मेळावा भरवायचा, आणि तोही पुण्याचा मोठा लेखक आणून. त्या सुमाराला महाराष्ट्र राज्य झालं होतं, आणि विदर्भ नावाचा एक प्रदेश असून तिथे संत्री मिळतात असा शोध पुण्याच्या साहित्यिकांना लागला होता. पण ते नागपूरला येत, संत्री घेत आणि परत जात. राळेगावात संत्री नव्हती. पुढचंवाले दर वर्षी मालकांकडे, म्हणजे प्रकाशकाकडे, विषय काढत आणि मालक म्हणत, "पाहू."

मग एका वर्षी मालक "पाहू" म्हणाले नाहीत. म्हणाले, "पुण्याचे पाहुणे आणून देतो. पण त्यांची नवी कादंबरी आहे, तिचा एक गठ्ठा तुम्ही तिकडे खपवायचा." या कादंबरीचं नाव मी सांगत नाही. आमच्याकडे ती शालिनीची कादंबरी म्हणूनच ओळखली गेली. शालिनी ही तिची नायिका. नवऱ्यानं दुसरी बायको आणली म्हणून माहेरी परत आलेली. शेवटाकडे नवऱ्याचं पत्र येतं, "परत ये." शालिनी पत्र हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहते, तिचा पाय उचलतो, आणि आपण पान उलटतो, तर पुढे ओळ येते : 'खुरकत झालेल्या बैलाचे पाय प्रथम कोमट पाण्याने धुवावेत.'

झालं होतं असं, की मोठ्या कागदावर सोळा पानं छापून जी घडी घालतात, जिला छापखान्यात फर्मा म्हणतात, तो शालिनीचा शेवटचा फर्मा बांधणीत दुसरीकडे गेला, आणि त्या जागी मालकांच्याच 'जनावरांची निगा' या पुस्तकातला एक फर्मा शिवला गेला. एक-दोन प्रतींत नव्हे, अख्ख्या गठ्ठ्यात. मालकांना हे ठाऊक होतं. पुढचंवाल्यांनी तक्रार केली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अहो, राळेगावकडे शेवटपर्यंत वाचतो कोण?"

या एका वाक्यानं पुढचंवाले जितके दुखावले तितके आयुष्यात कशानं दुखावले नसतील. पण मेळावा हवा होता. त्यांनी ट्रंक भरली. आणि जन्मभर ज्या माणसानं "पुढचं पुस्तकात हाये" म्हणून पुस्तकं विकली, त्याच्यावर पुस्तकात पुढचं नसलेली पुस्तकं विकायची पाळी आली.

लोक परत येऊ लागले. कुणी रागानं, कुणी काकुळतीला येऊन. "भाऊ, त्या बाईचं काय झालं?" पुढचंवाल्यांनी कुणालाही रिकाम्या हाती पाठवलं नाही. पुस्तकात नव्हतं ते तोंडी दिलं, आणि गिऱ्हाईक बघून दिलं. वणीच्या एका वकिलाला सांगितलं की शालिनीनं नवऱ्यावर पोटगीचा दावा लावला आणि जिंकला. राजूरच्या कोळसा खाणीतल्या कारकुनाला सांगितलं की नवराच वेषांतर करून माहेरच्या दारात आला होता. त्या कारकुनाला वेषांतर आवडायचं. जवळच्या बंजारा तांड्याच्या नायकांना सांगितलं की शालिनीच्या भावांनी जावयाला पंचात बसवून जाब विचारला. नायक खूश झाले. "बराबर हाये," म्हणाले, "याडीनं, मायनं जन्म दिला तो काय असा टाकून द्याले?" एक शेतकरी मात्र फाटकाशी येऊन समाधानानं सांगून गेला, "पुस्तक चांगलं हाये. बाई कुठं गेली ते नाई समजलं, पन माहा बैल बरा झाला."

मी त्या वर्षी एकोणीस वर्षांची होते, आणि माहेरी परत आलेली होते. कारण शालिनीचंच. त्यामुळे ती कादंबरी मी कशी वाचली असेल हे मी सांगत बसत नाही. आणि ज्या आठवड्यात मी ती संपवत आणली, त्याच आठवड्यात सासरहून निरोप आला : झालं गेलं विसरून सुशीलेला पाठवा, धाकटीही राहील आणि हीही राहील. आई रोज म्हणे, "पुरुषाची जात हाये, बाई. बलावलं हेच पाय धरन्यासारखं." मी रात्रंदिवस एकच विचार करत होते, की शालिनी काय करते ते बघू. पान उलटलं, तर खुरकत.

मी पुस्तक घेऊन तशीच ओसरीवर गेले. पुढचंवाले वडिलांशी बोलत बसले होते. माहेरी परत आल्यापासून गावात मला सुशी, सुशे, नाही तर नुसतंच "ते परत आलेली" म्हणत. 'सुशीलाबाई' म्हणणारे तेवढे एक पुढचंवाले. मी विचारलं, "शालिनी गेली काय परत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या आईकडे बघितलं. सासरचा निरोप साऱ्या गावाला माहीत होता, त्यांनाही होता. त्यांनी पाणी मागितलं, सावकाश प्यायले, आणि म्हणाले, "नाई गेली."

"मग?"

"तिनं ते पत्र घडी करून चुलीत घातलं. अन् दुसऱ्या दिवशी सकायच्या गाडीनं यवतमाळले गेली. मास्तरनीच्या ट्रेनिंगले नाव टाकलं. पोरींचं वसतिगृह हाये तिथं, बाजूले इहीर हाये, वार्डन बाई कडक हाये पन मनाची चांगली. सातवी पास असलं का घेतात. जूनमंदी भरती."

कादंबरीची शालिनी पुण्याच्या सदाशिव पेठेत राहत होती. ती यवतमाळच्या गाडीत कशी बसली, हे त्या क्षणी मला विचारावंसं वाटलं नाही. मी सातवी पास होते.

वडील आयुष्यभर काट्यावर बसलेले. छापील अक्षरावर त्यांचा विश्वास काट्याहून जास्त. त्यांनी विचारलं, "पुस्तकात असं हाये?" पुढचंवाले म्हणाले, "असाले पाहिजे." वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "ते लेखक मेळाव्याले येऊन राह्यले ना? मी त्यायलेच इचारतो. लिहिनाऱ्यानं असं लिहिलं असंन, तर पोरीले ट्रेनिंगले धाडतो. नाई तर सासरी पोचवून येतो." पुढचंवाल्यांच्या हातातलं भांडं तिथंच थांबलं. ज्या मेळाव्यासाठी त्यांनी जन्म काढला, तो आता आपल्याच पोटावर येणार हे त्यांना लख्ख दिसलं असलं पाहिजे. ते हवं तर पाहुण्यांना ताप आलाय म्हणून मेळावा पुढे ढकलू शकले असते. पण पत्रिका छापून झाल्या होत्या, आणि त्यांत निम्म्या तालुक्याची नावं होती.

मेळावा जिनाच्या आवारात भरला. हंगाम संपला होता, पण कापसाची तूस हवेत होतीच. पाहुणे लेखक 'विदर्भाच्या मातीचा गंध' या विषयावर बोलले, आणि जिथे जिथे गंध हा शब्द आला तिथे तिथे शिंकले. मालक नागपूरहून आले होते. गठ्ठा खपला म्हणून खुशीत होते. शेवटी पुढचंवाल्यांनी, आवाज जरा बसलेला, जाहीर केलं की श्रोत्यांना काही विचारायचं असेल तर विचारावं. हेही त्यांना टाळता आलं असतं. टाळलं नाही.

वडील उठले. डोक्यावरची टोपी नीट केली. "साहेब, मी इथं काट्यावर असतो. येकच इचारतो. शालिनी नवऱ्याकडं गेली, का पत्र चुलीत घालून शिकाले गेली?"

लेखक हसले. "शिकायला? कुठे?"

"यवतमाळले."

आता व्यासपीठावरचे सगळेच हसले. लेखक म्हणाले, "अहो, अर्थातच नवऱ्याकडे. तो आजारी असतो, ती त्याची सेवा करते आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडते. वाचक ढसाढसा रडतात तिथे." आणि रडणाऱ्या वाचकांची आठवण येऊन ते पुन्हा हसले.

मी बायकांच्या बाजूला बसले होते. आईनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात जिंकल्याचा आनंद नव्हता, ती बिचारी पदरानं डोळे टिपत होती. पण तिच्या लेखी प्रश्न मिटला होता.

तेवढ्यात पुढचंवाले मायक्रोफोनजवळ आले. ज्या माणसानं आयुष्यात कधी गोष्टीचा शेवट फुकट सांगितला नव्हता, तो सगळ्या तालुक्यासमोर म्हणाला, "साहेब, माफी करा. तुमचा शेवट आमच्यापर्यंत आलाच नाई. मालकानं त्याच्या जागी बैलाची दवा शिवून पाठवली, अन् म्हनले, तिकडं शेवटपर्यंत वाचते कोन. हे पाहा, येवढे वाचतात. त्यायले शेवट मी सांगितला. मनानं सांगितला. पन खोटा सांगितला असं मले अजूनई वाटत नाई."

मालकांचा चेहरा उतरला. मांडवात एकच गलका झाला. वणीचे वकील उठून म्हणाले की मग पोटगीचं काय. खाणीतला कारकून वेषांतरावर अडून बसला. लेखक ओरडले, "कादंबरी मी लिहिली आहे!" तेव्हा तांड्याचे नायक उभे राहिले. "तुमी लिहिली, साहेब. पन आमच्याकडं पुरी आली नाई ना. जेवढी आली तेवढी तुमची. उरलेली आमी पुरी केली, ते आमची." यावर लेखकांनी, हा साहित्याचा खून आहे आणि आपण या गावात पाणीही घेणार नाही, असं जाहीर केलं, आणि पंगतीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. मालक पुढचंवाल्यांना बाजूला घेऊन काय बोलले ते ऐकू आलं नाही. परत येताना मालकांच्या हातात ट्रंकेची किल्ली होती.

घरी आल्यावर वडील अंगणात बाजेवर बसले. मी आत पेटीत सासरी न्यायची लुगडी भरत होते. लपवत नाही, रडत होते. बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज आला.

"सुशे, ते यवतमाळची गाडी सकायी कितीले म्हने?"

आई म्हणाली, "अवो, पन लिहिनाऱ्यानं तर सांगितलं ना, का ते परत गेली."

"सांगितलं. शालिनी मेली म्हनून सांगितलं अन् हासला. हासनाऱ्याच्या भरवशावर मी पोर धाडू काय?"

मी ट्रेनिंगला गेले. वसतिगृहाच्या बाजूला विहीर होती, आणि वॉर्डनबाई कडक होत्या पण मनाच्या चांगल्या होत्या. दोन वर्षांनी मास्तरीण झाले. पुढचंवाल्यांची एजन्सी मेळाव्याच्याच दिवशी गेली, पण धंदा काही सुटला नाही. कुठूनशी दुसरी ट्रंक पैदा करून ते ज्याची मिळतील त्याची पुस्तकं विकत हिंडत राहिले. कोट तोच होता.

आमची शेवटची भेट यवतमाळलाच झाली. मेळाव्यानंतर काही वर्षांनी त्याच लेखकांचा मोठा सत्कार होता, आणि शालिनीच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघत होती. मी माझ्या शाळेतल्या मुली घेऊन गेले होते. या आवृत्तीत शालिनी नवऱ्याकडे जात नाही. पत्र चुलीत घालते आणि शिक्षिका होते. वक्त्यांनी या धाडसी शेवटाची तोंड भरून स्तुती केली. लेखक म्हणाले, "मला पुष्कळांनी सांगितलं, शालिनीला परत पाठवा. पण मी ठाम राहिलो. लेखकाला काळाच्या पुढे पाहावं लागतं." माझ्या मुली माना डोलावत होत्या. मला हे बसून ऐकवेना. मी उठून बाहेर आले.

मांडवाच्या दाराशी पुढचंवाले ट्रंकेवर बसून तीच दुसरी आवृत्ती विकत होते. अगदी आनंदात होते. मी म्हटलं, "चला आत. तुम्ही बोला, नाही तर मी बोलते. हा शेवट कुणाचा आहे ते कळू दे सगळ्यांना."

त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. "सुशीलाबाई, आयका माहं. आपन आत्ता बोललो तर साहेबांचा अपमान होईन. अपमान झाला म्हंजे तिसऱ्या आवृत्तीत ते तिले पुन्हा नवऱ्याकडं धाडतीन. येवढ्या मुश्किलीनं सुटली बिचारी. राहू द्या तिले."

हे ते थट्टेनं म्हणत नव्हते. आत टाळ्या सुरू झाल्या होत्या. मी डोळे पुसले, आत गेले आणि माझ्या मुलींबरोबर हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.